"मॅडम, माझी बुद्धी हिशेबनिसाची, मालकाची नाही"

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंनी खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे सांगून टाकलं. वय पस्तिशीच्या आसपास, दोघांनी मिळून उभा केलेला व्यवसाय. भागीदार रोज नवी कल्पना आणणार, या तिच्यातली खोट दाखवणार. आता कंपनीची सूत्रं यांच्या हाती यायची होती आणि यांची झोप उडाली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते: नेतृत्वाला लागतं तसं डोकं माझं नाही, मग मी पुढे जाणार कशी?

सुरुवातीला मीच चुकले. रोज पाच नव्या कल्पना लिहा, म्हटलं. दोन आठवड्यांनी वही भरून आली, पण चेहरा पार उतरलेला. "दुसऱ्याचे कपडे घालून फिरल्यासारखं वाटलं," म्हणाल्या.

मग त्यांना मायकेल कर्टन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडलेली गोष्ट सांगितली. काही जण आहे तीच घडी सुधारत नेतात, काही ती मोडून नवी घालतात. बरेचसे मध्ये कुठेतरी असतात. त्याच्या ३२ प्रश्नांच्या चाचणीत ३२ पासून १६० पर्यंत गुण पडतात, पण जास्त गुण म्हणजे जास्त हुशारी नव्हे. शैली वेगळी, कुवत वेगळी. आपल्या शैलीबाहेर जाऊन काम करता येतं, फक्त दमछाक होते. त्या वहीचा अर्थ मला तेव्हा कुठे लागला!

यावेळी मागच्या वर्षातले दहा मोठे निर्णय आठवायला सांगितले. थकलेली उधारी वेळेत थांबवणं, करारातली अडचणीची अट काढायला लावणं, घाईची नोकरभरती रोखणं... धंदा वाचवणारे बहुतेक निर्णय यांचेच निघाले. बिघडत होतं ते निराळ्याच जागी. भागीदाराचं वाक्य संपायच्या आत यांचं 'पण' यायचं. "हल्ली तो काही सांगतच नाही," हे त्या दाराशी पोचल्यावर, चपला घालता घालता बोलल्या. महत्त्वाचं बहुतेकदा दाराशीच कळतं.

पुढच्या भेटीत ठरलं: कल्पना ऐकताना फक्त प्रश्न विचारायचे. हरकती कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी मांडायच्या. आणि 'हे चालेल का?' याऐवजी विचारायचं, 'यात किती बुडालं तरी आपण उभे राहू?' हा दुसरा प्रश्न माझा नाही. उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांची विचारपद्धत अभ्यासली, तेव्हा अपेक्षित नफ्याआधी परवडणारा तोटा ठरवण्याची रीत त्यांना दिसली होती.

"म्हणजे हिशेबच की!" त्या पहिल्यांदा हसल्या.

सूत्रं त्यांनी घेतली. मागच्या भेटीत पर्समधून हरकतींचा कागद काढून दाखवला. सात मुद्दे होते, त्यातले चार रात्रीतून त्यांनी स्वतःच खोडले होते. उरलेल्या तिनांवर भागीदाराशी कडाक्याचं भांडण झालं म्हणे.