पक्ष्यांची 'बोली' म्हणावी की 'हेल'?

प्रश्न : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पक्षिफेरीसाठी माहितीपत्रक करतोय. 'साँग डायलेक्ट'ला, म्हणजे एकाच जातीच्या पक्ष्यांच्या गाण्यात ठिकाणानुसार पडणाऱ्या फरकाला, मराठीत काय लिहावं? कुणी 'उपभाषा' सुचवतं, कुणी 'हेल'.

उत्तर : 'गाण्याची बोली' लिहा. 'उपभाषा' म्हटलं की वरती एक प्रमाणभाषा आली, आणि पक्ष्यांत प्रमाण गाणं नसतं. 'हेल' कानाला गोड, पण त्यात नुसता चढउतार येतो. इथे सुरांचे तुकडे, त्यांचा क्रम, शेवट सगळंच बदलतं.

अट एकच : गाणं ऐकून शिकलेलं हवं. दयाळाचं पिल्लू आसपासच्या नरांकडून उचलतं. कोकीळ कावळ्याच्या घरट्यात वाढतो आणि तरी 'कुहू'च करतो, ते उपजत. (गातो तो नर, 'कोकिळा गाते' हे कवितेपुरतं.) त्याच्या आवाजात गावोगावी फरक सापडला तरी 'प्रादेशिक भेद' म्हणा.

थवे वेगळे पडले की नकलेतल्या चुका साठत जातात आणि बोली दुरावतात. मात्र दूर गेलेल्यांचीच बोली बदलते असं नाही. आपल्या भारीटाचा भाऊबंद यलोहॅमर 1860-70च्या दशकांत ब्रिटनमधून न्यूझीलंडला नेला गेला. ब्रिटनमध्ये आता ऐकू न येणाऱ्या काही बोली तिकडे टिकून आहेत, तंजावरच्या मराठीत जुनी रूपं राहिली तशा. उलट कॅनडात व्हाइट-थ्रोटेड स्पॅरोच्या गाण्याचा शेवट तीन-तीन सुरांचा होता. पश्चिमेकडे दोन-दोन सुरांचा निघाला आणि 2000 ते 2019 या काळात पूर्वेकडे ओंटारियोपर्यंत पसरला. हिवाळ्यात दोन्हीकडचे पक्षी एकत्र येतात, तिथेच लागण होत असावी.

पत्रकात 'इथल्या दयाळाची बोली वेगळी' असं मात्र एका रेकॉर्डिंगवरून छापू नका. एकेका दयाळाकडे बऱ्याच ताना असतात, शिवाय तो इतर पक्ष्यांच्या नकलाही करतो. दोन ठिकाणचे निदान आठ-दहा नर, प्रत्येकाची अनेक गाणी, तीही विणीच्या हंगामात पहाटेची, एवढं जमवून त्या आवाजांचे आलेख शेजारी शेजारी ठेवून बघा. मोबाइलमधलं आवाजशुद्धीकरण आधी बंद करा. लोकलच्या धडधडीबरोबर ते गाण्यातले खालचे सूरही खातं, आणि पक्ष्याने न बदललेली बोली कागदावर बदललेली दिसते.

इशाऱ्याच्या हाकेला 'बोली' लावू नका. ती बहुतेक उपजतच.