रंगाआधीची मेहनत : जुन्या गाडीविषयी तुमचे प्रश्न

पाऊस ओसरला की जुन्या गाड्यांच्या रंगाबद्दलची पत्रं वाढतात. यंदाची बरीचशी पत्रं घरीच पूर्वतयारी करू पाहणाऱ्यांची आहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. गॅरेजमध्ये घाई होते ती नेमकी याच टप्प्यावर. घासण्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे होतात. तुमच्या घरी मात्र रविवार तुमचा आहे.

प्रश्न : वडिलांची १९९८ ची मारुती ८०० आहे. रंग रापलाय, बॉनेटवर एका जागी पोपडे आलेत. सगळा रंग पत्र्यापर्यंत काढावा का? (सातारा)

सगळा काढू नका. कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला मूळ रंग घट्ट असेल, तर त्याच्यासारखा पाया तुम्हाला घरी तयार करता येणार नाही. प्रश्न एवढाच की तो घट्ट आहे का, आणि तो खरंच मूळ आहे का.

त्यासाठी दोन चाचण्या करा. दाराच्या आतल्या कडेसारख्या लपलेल्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवलेलं फडकं मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून फडक्याला लागला, तर मधे कधीतरी कोणीतरी स्वस्तातला रंग मारलेला आहे. त्याच्यावर टू-के रंग, म्हणजे घट्ट करणारं द्रावण (हार्डनर) मिसळून मारायचा रंग, मारला तर खालचा थर फुगून सुरकुततो, म्हणून तो काढावाच लागेल. दुसरी चाचणी : ब्लेडनं बारीक जाळी कोरा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंगाचे चौकोन आले, तर तेवढा भाग काढायचा.

बॉनेटवर पोपडे आहेत तिथे २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं (नंबर मोठा तितका कागद बारीक) रुपयाएवढा गोल घासून बघा. कापलेल्या कांद्यासारखी वलयं दिसतील : वरचा रंग, प्रायमर, खाली कदाचित आणखी एक रंग, पुन्हा प्रायमर, मग पत्रा. ही वलयं मोजली की गाडी किती वेळा रंगवली गेली ते कळतं. दोनपेक्षा जास्त रंग निघाले, तर तो भाग पत्र्यापर्यंत न्यायला मी सांगेन. ते काम ग्राइंडरच्या चकतीनं करू नका. बॉनेटचा पातळ पत्रा तापून लाटा धरतो आणि त्या लाटा पुन्हा जात नाहीत.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनी आहे. दारांच्या तळाशी आणि दारांखालच्या पट्टीवर फोड आलेत. गंजावर रसायन लावून लांबी (पुट्टी) भरली तर चालेल का? (रत्नागिरी)

नाही चालणार. याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण किनाऱ्यालगतच्या गाड्यांचं हेच मुख्य दुखणं आहे.

बाहेर दिसणारा फोड बहुतेक वेळा आतून आलेला असतो. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतं. ते वाहून जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की पाणी आतच साठतं. समुद्राकाठच्या एका पद्मिनीच्या दाराचं आतलं आवरण काढलं, तेव्हा तळातून मी ओंजळभर लाल चिखल आणि सुरूच्या झाडाच्या काड्या काढल्या होत्या. त्या दाराला बाहेरून तीनदा रंग मारून झाला होता. चिखल मात्र तिन्ही वेळा आत तसाच होता.

म्हणून सुरुवात आतून करा. आवरण काढा, भोकं तारेनं मोकळी करा, आतून आणि गाडीखालून गोड्या पाण्यानं भरपूर धुवा. गंजाच्या बारीक खाचांत मीठ बसलेलं असतं; ते राहिलं तर वर काहीही मारा, फोड परत येतात. गाडी दोन दिवस कडक उन्हात, दारं उघडी ठेवून वाळवा.

मग जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि फोड दाबून बघा. वरवरचा गंज असेल तर खाली पत्रा टणक लागतो. तो तारेच्या ब्रशनं आणि ८० च्या कागदानं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. खाचांत काळे ठिपके उरतात, तेवढ्यापुरतं रसायन वापरा आणि डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर नीट धुवा. त्यातल्या आम्लाचा अंश राहिला तर वरची लांबी आणि प्रायमर नीट धरत नाहीत.

स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तर तो पत्रा संपलेला आहे. तिथे लांबी, एमसील, फायबरचं कापड यातलं काहीही भरू नका. पॉलिएस्टर लांबी सच्छिद्र असते, मागून ओल शोषून घेते आणि एखाद्या पावसाळ्यात सुटते. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्डिंगनं बसवायलाच हवा. दारांखालची ती पोकळ पट्टी गाडीच्या सांगाड्याचा भार घेते, त्यामुळे तिथे हयगय करणं धोक्याचं आहे. हे काम जाणत्या वेल्डरकडे द्या. बॅटरी सोडून ठेवा आणि पेट्रोलची टाकी, नळ्या जवळ असतील तर त्या आधी काढून घ्या.

उघडा पत्रा रात्रभर तसा सोडू नका. कोकणच्या दमट हवेत सकाळपर्यंत तो तांबूस झालेला असतो. ज्या दिवशी घासाल त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचा हात द्या. आणि रंग झाल्यावर पोकळ भागांत आतून मेणाचा फवारा नक्की मारा.

प्रश्न : कोणत्या नंबरचा कागद कधी वापरायचा? लांबी सपाट झाली असं वाटतं, पण उन्हात लाट दिसते. (नाशिक)

लांबीला आकार द्यायला ८०, मग १८०. प्रायमर सर्फेसरच्या (रंगाआधी मारून घासून सपाट करायच्या थराच्या) आधी कडा २४० किंवा ३२० नं मिळवून घ्या. सर्फेसरवर शेवट एकरंगी गाडीला ४०० ते ६००, मेटॅलिकला ६०० ते ८००. मधला नंबर गाळू नका. ८० चे ओरखडे ४०० नं जात नाहीत, फक्त झाकले जातात, आणि महिन्याभरात रंग बसला की वर दिसू लागतात.

लाट येते ती बोटांमुळे. कागद हातात धरून घासला की बोटांखाली जास्त घासलं जातं आणि चर पडतात. फूटभर लांब सपाट लाकडी पट्टी घ्या, तिला कागद गुंडाळा आणि तिरपं घासा, आधी एका दिशेनं, मग त्याला छेदून. त्याआधी सर्फेसरवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारा. घासल्यावर काळं जिथे उरेल तो खळगा, आणि जिथे झटकन जाऊन पत्रा दिसू लागेल तो उंचवटा.

लांबी कोरडीच घासा. पाणी लावलं तर ती पिते. पोचा आधी ठोकून जमेल तितका वर आणा; लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. हार्डनर वजनाच्या दोन-तीन टक्केच. घट्ट व्हायला वेळ लागतोय म्हणून जास्त घातला, तर त्याचा डाग वरच्या रंगात उमटू शकतो.

सर्फेसर घासून झाल्यावर पत्र्यावर पाणी ओता आणि ओल्या पृष्ठभागात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ दिसली तर काम झालं. मग गाडी पूर्ण वाळू द्या.

प्रश्न : मागच्या वेळी रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडले. आम्ही रॉकेलनं पुसलं होतं. (ठाणे)

रॉकेल तेलकट पापुद्रा ठेवतं. शिवाय वर्षानुवर्षं लावलेल्या पॉलिशमधलं सिलिकॉन असतं, आणि घासताना तेच ओरखड्यांत भरलं जातं. म्हणून स्वच्छता घासण्याच्या आधी करा आणि नंतर पुन्हा. भांडी घासायच्या साबणानं धुवून वाळवा, मग रंगाच्या दुकानात मिळणारं मेण-तेल काढायचं द्रावण वापरा. एका फडक्यानं ओलं लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल इकडचं तिकडे जातं.

प्रश्न : पांढरी गाडी लाल करायची आहे. काही परवानगी लागते? (कोल्हापूर)

आरसीवर रंगाची नोंद असते. रंग बदलायचा तर आधी आरटीओत चौकशी करा आणि नोंद बदलून घ्या. तयारीच्या दृष्टीनं रंग बदलणं म्हणजे दारांच्या कडा, बॉनेटखालचा भाग, डिकीची आतली बाजू, सगळंच घासणं. काम बरंच वाढतं. मी तुमच्या जागी असतो तर पांढराच ठेवला असता.

प्रश्न : कॉम्प्रेसर आहे. गच्चीवर मीच फवारला तर? (मडगाव)

तयारी जरूर करा, टू-के रंग मात्र फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो आणि नंतर थोड्याशा संपर्कानंही झटका येतो. धुळीचा मास्क तिथे उपयोगाचा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि बंदिस्त बूथ, म्हणजे रंग फवारायची खास खोली, लागते. हार्डनर घातलेला प्रायमर असेल तर तोही बूथमध्येच मारून घ्या. घरी इपॉक्सी मारायचा असेल तर हातमोजे घालून ब्रशनं, मोकळ्या हवेत.

गाडी बूथवर नेताना बंपर, दिवे, बिल्ले, दारांचे हँडल आधीच काढा. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत ठेवून वर नाव लिहा आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. काचेचं रबर कडक झालं असेल तर नवं आणून ठेवा, जुनं बहुधा तुटतंच. वाटेत पावसाची शक्यता असेल तर निघू नका, सर्फेसर पाणी पितो. आणि वापरलेल्या लांबीचे व प्रायमरचे डबे सोबत घेऊन जा. रंगाऱ्यानं ते आधी बघून, त्यांच्यावर बसेल तोच रंग निवडायला हवा.