‘सगळे सारखाच भरतात’ या मुद्द्याचं काय करायचं?

तुम्ही विचारलंत: वादविवाद स्पर्धेत ‘विकसनशील देशात प्रत्यक्ष करांपेक्षा अप्रत्यक्ष कर न्याय्य’ ही बाजू तुमच्या वाट्याला आली आहे. तुमचा मुख्य मुद्दा असा, की आयकर मूठभर लोक भरतात, वस्तूंवरचा कर मात्र सगळे सारखाच भरतात. हा मुद्दा टिकेल का?

टिकणार नाही. समोरचा पहिल्या दोन मिनिटांत तो खोडून काढेल. पण तुमच्या बाजूला खरोखर वजनदार असं एक म्हणणं आहे, त्याकडे येतोच. आधी ‘सारखाच’ या शब्दाकडे बघू, कारण सगळी गोम तिथे आहे.

दोन कुटुंबं धरा. एकाची मिळकत १००, दुसऱ्याची १०००. चलन कुठलंही घ्या. पहिल्याचे शंभरच्या शंभर खर्च होतात, त्यातले ६० अन्नावर. दुसऱ्याचा खर्च ४००, त्यातले ८० अन्नावर, आणि ६०० शिल्लक. प्रत्येक खर्चात एक दशांश कर दडलेला आहे असं समजा. पहिल्याने भरले १०, दुसऱ्याने ४०. बिलावरचा दर दोघांना एकच. मिळकतीशी ताडून बघा: पहिल्याचे १० टक्के गेले, दुसऱ्याचे ४. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये कराची जी तत्त्वं मांडली त्यातलं पहिलंच असं, की राज्याच्या छायेत जो जितकं मिळवतो त्या प्रमाणात त्याने द्यावं. ही कसोटी काही फार कडक नाही, श्रीमंताने जास्त टक्के द्यावेत असंही ती म्हणत नाही. तरी आपलं उदाहरण त्या कसोटीला उतरत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं, तुम्हालाही ते सुचेल: शिल्लक काय, आज ना उद्या खर्च होणारच, तेव्हा कर लागेल. कागदावर हे बरोबर आहे. पण त्या ६०० मधून जमीन घेतली जाते, घरं घेतली जातात, आणि ती पुढच्या पिढीकडे जातात. त्या पिढीची स्वतःची वेगळी शिल्लक असते. खर्चाची वेळ पिढ्यान्‌पिढ्या पुढे ढकलता येते. पहिल्या कुटुंबाला ती एक महिनाही ढकलता येत नाही.

मग अन्नावरचा कर काढून टाका, झालं, असं वाटतं. इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण बहुतेक लोक या टप्प्यावर चुकतात. अन्न करमुक्त केलं तर पहिल्याचे ६ वाचले, दुसऱ्याचे ८. गरिबाच्या नावाने दिलेली सवलत, तिचा मोठा वाटा वरच्या घरात गेला. त्याऐवजी अन्नावर कर ठेवला, आलेले १४ दोघांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला ७ मिळतात. गरिबाला सवलतीपेक्षा एक जास्त. पुष्कळ अर्थतज्ज्ञ याच कारणासाठी सवलती काढून रोख मदत द्या असं सांगतात. कोलंबियाने २०२० मध्ये यातला रोख मदतीचा मार्ग धरला आणि गरीब कुटुंबांना मूल्यवर्धित कराचा, म्हणजे विक्रीच्या टप्प्याटप्प्यावर लागणाऱ्या कराचा, परतावा म्हणून ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली.

माझं मत इथे जरा वेगळं आहे. अप्रत्यक्ष करांची विवरणपत्रं भरण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि पैसे सरकारकडे जाण्याची वाट किती सरळ असते व परत येण्याची किती वळणांची, हे मी रोज बघतो. कर प्रत्येक खरेदीला कापला जातो, न चुकता. परतावा मिळायला यादीत नाव लागतं, ओळखपत्र लागतं, खातं लागतं, आणि यादी करणारा माणूस नीट लागतो. ज्या देशाकडे ही यंत्रणा आहे त्याने खुशाल रोख द्यावी. जिथे नाही तिथे चार-सहा मूलभूत पदार्थांवरची सूट सोडू नये. ती ढोबळ आहे, पण तिच्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही. फक्त पदार्थ नीट निवडावे लागतात. दक्षिण आफ्रिकेत तपकिरी पावावर शून्य दर आहे आणि पांढऱ्या पावावर पूर्ण कर. गरीब घरात जास्त जाणारा पदार्थ शोधून तिथेच सूट द्यायची, अशी ती कल्पना आहे.

एक तांत्रिक गोष्ट, जी वादात उपयोगी पडेल. ‘करमुक्त’ आणि ‘शून्य दर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य दरात विक्रेत्याला खरेदीवर भरलेला कर परत मिळतो. करमुक्त मालात तो मिळत नाही. मग पिठाची गिरणी यंत्रावर, पोत्यांवर आणि वाहतुकीवर जो कर भरते तो पिठाच्या भावात गुपचूप मिसळतो. बिलावर कर शून्य दिसतो, भावात तो असतोच. अप्रत्यक्ष कराबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, की भरणाऱ्याला आपण भरतोय हे कळत नाही. ‘गरीब कर भरत नाहीत’ हे खोटं वाक्य त्यामुळेच इतकं सहज बोललं जातं.

आता मिठाचं उदाहरण, कारण समोरची बाजू ते आणणारच. १९२७ मध्ये केंब्रिजमधल्या फ्रँक रॅम्सी या २४ वर्षांच्या गणितज्ञाने प्राध्यापक पिगू यांनी सुचवलेला एक प्रश्न सोडवला: ठरावीक महसूल वस्तूंवरच्या करातूनच काढायचा असेल, तर लोकांचं कमीत कमी नुकसान कसं होईल? ढोबळमानाने उत्तर असं आलं, की भाव वाढला तरी ज्या वस्तूची मागणी फारशी घटत नाही तिच्यावर जास्त कर लावा. कराने लोकांचं वागणं बदललं नाही म्हणजे वाया कमी गेलं. अशा वस्तूचं नाव घ्यायचं तर मीठच डोळ्यांसमोर येतं. क्रांतीपूर्व फ्रान्सच्या राजांना हे गणिताशिवाय ठाऊक होतं, त्यांचा मिठावरचा ‘गाबेल’ कर शतकानुशतकं चालला. आणि रॅम्सीनंतर तीनच वर्षांनी, मार्च १९३० मध्ये, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात नेमकी उलटी बाजू मांडली: मीठ हीच एक अशी वस्तू आहे जी गरिबाला श्रीमंतापेक्षा जास्त खावी लागते. अंगमेहनत करून घाम गाळणाऱ्याला मीठ जास्त लागतं. म्हणजे कर दोघांना टक्केवारीत तर सोडाच, नगातसुद्धा सारखा पडत नाही, गरिबालाच जास्त पडतो.

रॅम्सीचं गणित चुकलं होतं का? नाही. त्याने सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं, की एका माणसाला पैशाची किंमत जास्त आणि दुसऱ्याला कमी, हा फरक आपण बाजूला ठेवतो आहोत. न्यायाचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात बाजूला ठेवला गेला. त्यामुळे कुणी ‘कार्यक्षम कर’ असं म्हणालं की मी आधी विचारतो, काय बाजूला ठेवून कार्यक्षम?

इथवर वाचून मी प्रत्यक्ष करांच्या बाजूचा आहे असं वाटलं असेल. तत्त्व म्हणून आहेच. पण विकसनशील देशात प्रत्यक्ष कर म्हणजे प्रत्यक्षात काय, तेही बघायला हवं. आयकर नीट वसूल होतो तो पगारदाराकडून, कारण त्याचा पगार हातात पडण्याआधीच कर कापलेला असतो. तेवढीच किंवा तिप्पट कमाई असलेला व्यावसायिक रोखीत फी घेतो, त्याच्याकडे कापणारं कुणी नसतं. सारखी मिळकत, पण एक पूर्ण भरतो आणि दुसरा मनाला येईल तेवढं दाखवतो. हाही अन्यायच. दर वाढवून तो भरून निघत नाही. भारतात १९७३-७४ मध्ये आयकराचा वरचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्के होता. जिथे शंभरातले सव्वादोनच हातात उरतात, तिथे मिळकत लपवण्याइतका फायद्याचा दुसरा धंदा राहत नाही. पुढच्याच वर्षी तो दर ७७ वर आणावा लागला.

म्हणून ‘आमच्याकडे प्रत्यक्ष कर वसूल करता येत नाही’ हे म्हणणं अगदीच खोटं नाही. बंदरावर चार माणसं बसवली की जकात गोळा होते. लाखो घरांची मिळकत तपासायला प्रशिक्षित माणसं लागतात, नोंदी लागतात, न्यायालयं लागतात. पण हे अर्धसत्य आहे. मिळकत लपवता येते, घर लपवता येत नाही. जमीन तर मुळीच नाही. तरीही विकसनशील देशांत मालमत्ता कराचं उत्पन्न सरासरीने राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही भरत नाही.

तो वसूल करता येतो का, याचं एक उदाहरण सिएरा लिओनच्या राजधानीत आहे. फ्रीटाउनमध्ये महापौर इव्हॉन अकी-सॉयर यांच्या काळात, २०२० च्या सुमारास, मालमत्ता कराची पद्धत बदलली. घरांच्या खरेदी-विक्रीचे भरवशाचे आकडे नव्हते, त्यामुळे बाजारभाव काढत बसणं शक्य नव्हतं. मग उपग्रहचित्रांवरून इमारती शोधल्या, छताचं क्षेत्रफळ मोजलं, आणि माणसं पाठवून बाहेरून दिसेल तेवढंच टिपलं: भिंत कशाची, छप्पर कशाचं, रस्ता घरापर्यंत येतो का. प्रत्येक गोष्टीला गुण. गुणांवरून कर. नोंदीत आलेल्या मालमत्ता जवळजवळ दुप्पट झाल्या, मोठ्या बंगल्यांचा कर वाढला आणि साध्या घरांचा कमी झाला. मालकाच्या घरात शिरावं लागलं नाही, त्याची वही मागावी लागली नाही. गरीब देशाच्या एका गरीब नगरपालिकेला हे जमलं. त्यामुळे ‘जमत नाही’ असं जिथे सांगितलं जातं, तिथे किती वेळा ते ‘करायचं नाही’ असतं, हा प्रश्न मला फार टोचतो. निर्णय घेणाऱ्यांच्या नावावर घरं आणि जमिनी असतात, हे सांगायला नको.

आता तुमच्या बाजूचं खरं बळ. बाकास, गादेन आणि येन्सन या तीन अर्थतज्ज्ञांनी तीसहून अधिक देशांतल्या कुटुंबांचे खर्च तपासले: कोण काय घेतं एवढंच नाही, तर कुठून घेतं. गरीब कुटुंबाची बरीच खरेदी नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून होते, रस्त्यावरच्या टोपलीतून, शेजाऱ्याकडून. तिथे मूल्यवर्धित कर पोचतच नाही. मिळकत वाढते तशी खरेदी मोठ्या, बिल देणाऱ्या दुकानांकडे सरकते. परिणाम असा, की गरीब देशांत उपभोगावरचा कर पाठ्यपुस्तकात लिहिलाय तितका गरिबांवर पडत नाही, उलट वरच्या थराकडून प्रमाणात जास्त येऊ शकतो. माझ्या वरच्या उदाहरणातले १० टक्के यामुळे खाली येतात. ‘सगळे सारखा भरतात’ याच्या हे बरोबर उलट आहे, आणि म्हणूनच ते तुमच्या उपयोगाचं आहे. तुमचा मुद्दा असा असायला हवा: हा कर सगळ्यांवर पडत नाही, म्हणून तो वाटतो त्याहून न्याय्य आहे.

दोन कमजोर जागा लक्षात ठेवा. नोंदणी नसलेला विक्रेताही मोठ्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलतो, तिथला कर त्याच्या भावात येतोच. आणि इंधनावरचा अबकारी कर कुणालाच चुकत नाही. टोपलीतली भाजीसुद्धा वाहनातून आलेली असते.

समोरच्याने अर्थतज्ज्ञ नोरा लस्टिग यांच्या पुढाकाराने झालेले, कर आणि सरकारी मदत यांचा गरिबांवर काय परिणाम होतो याचे अभ्यास काढले तर गडबडू नका. घाना, टांझानिया, इथिओपिया अशा देशांत असं आढळलं, की सगळे कर भरून आणि रोख मदत, अनुदानं सगळी मिळूनही अतिगरिबांची संख्या आधीपेक्षा जास्तच होती, मुख्यतः उपभोगावरच्या करांमुळे. त्याच देशांत विषमता मात्र थोडी घटलेली होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं: श्रीमंताकडून जास्त घेतलं म्हणून विषमता घटते, गरिबाकडून थोडं घेऊन त्याहून कमी परत दिलं म्हणून दारिद्र्य वाढतं. यावर तुमच्याकडे पूर्ण उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. तिथे मान्य करा, आणि म्हणा की मग तो पैसा शाळेत आणि दवाखान्यात गेला का ते बघावं लागेल, कारण त्या अभ्यासांच्या या आकड्यात फक्त रोख मदत आणि अनुदानं धरलेली आहेत, मोफत शिक्षण आणि उपचार धरलेले नाहीत. परीक्षक अर्थशास्त्राचे असतील तर या एका वाक्यावर ते मान वर करून बघतील.