स्वतःच्याच टीमवर पैसे लावले, मग चुकलं कुठं?

प्रश्न: मुलगा अमेरिकेत सिनसिनाटीला नोकरीला आहे, उन्हाळ्यात दोन महिने त्याच्याकडे राहून आलो. तिथल्या बेसबॉल स्टेडियमबाहेर पीट रोज या खेळाडूचा पुतळा आहे, सूर मारतानाचा, जवळच्या रस्त्यालाही त्याचंच नाव. आणि मुलगा सांगतो की या माणसावर मरेपर्यंत बंदी होती, सट्ट्यापायी. पण तो तर म्हणे आपली टीम जिंकणार यावरच पैसे लावायचा. हरायचे पैसे खाल्ले असते तर समजू शकतो, जिंकण्यावर लावले तर एवढी शिक्षा कशाला? आणि एवढं कमावणारा माणूस कंगाल होतोच कसा? – एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, या प्रश्नावरनं अमेरिकेत 1989 पासून भांडणं चालू आहेत, तुम्ही एकटे नाही. आधी माणूस केवढा होता ते सांगतो. जन्म सिनसिनाटीचाच, 1963 ला गावच्याच रेड्स टीममधून सुरुवात, आणि 1986 ला खेळणं थांबलं तेव्हा नावावर 4256 हिट्स, म्हणजे यशस्वी फटके, हा रेकॉर्ड आजही तसाच आहे. जुन्या काळच्या टाय कॉब या खेळाडूचा 4191 चा आकडा त्याने 11 सप्टेंबर 1985 ला मागे टाकला तेव्हा तो खेळाडू तर होताच, वर त्याच टीमचा मॅनेजरही होता.

आता हा मॅनेजर म्हणजे आपल्याकडं टीमबरोबर हॉटेल आणि किटबॅगा बघायला जातो तो नव्हे बरं का. बेसबॉलमध्ये कोण खेळणार, पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) कधी बदलायचा, कुणाला विश्रांती द्यायची, सगळं मॅनेजरच्या हातात असतं. आणि सीझन 162 मॅचचा, जवळपास रोज मॅच, त्यामुळं पिचरचा खांदा जपून वापरावा लागतो, आजची मॅच गेली तरी चालेल पण उद्यासाठी याला राखून ठेवू असा हिशेब शहाणा मॅनेजर कायम करत असतो. ज्यानं आजच्या मॅचवर पैसे लावलेत तो कशाला राखून ठेवेल? थकलेल्या पोरालाच परत टाकेल उभं! म्हणजे टीम जिंकावी असंच वाटत असलं तरी निर्णय टीमसाठी राहत नाही, खिशासाठी होतो.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. दररोज पैसे लावणारा मॅनेजर एखाद्या दिवशी लावतच नाही, तेव्हा बुकीला काय कळतं? की आज यांचं काही खरं नाही. तोंडातनं शब्द न काढता आतली खबर बाहेर गेली. आणि हे सगळं उधारीवर चालतं, म्हणजे आधी लावा, मग हिशेब. जो बुकीचं देणं लागतो त्याला उद्या बुकी म्हणाला की पैसे राहू दे, फक्त आज अमक्याला पिचिंगला ठेव, तर तो नाही कसं म्हणणार? रोजनं असं केल्याचं कुठंही सिद्ध झालेलं नाही, तो रेड्सच्या विरोधात पैसे लावायचा याचाही पुरावा चौकशीत सापडला नाही, हे मान्यच. पण नियम याच भीतीपोटी केलेला आहे. 1919 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी पैसे घेऊन मॅच घालवल्या, आठ जणांवर कायमची बंदी आली, आणि गंमत बघा, त्या वेळी समोर जिंकलेली टीम रेड्सच होती. त्यानंतर स्वतःच्या मॅचवर पैसे लावले की कायमचं बाहेर हा नियम प्रत्येक टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये लावलेला असतो. रोजनं तो वीस-बावीस वर्षं येता-जाता वाचला असणार.

जॉन डाऊड नावाच्या वकिलानं चौकशी केली, 225 पानांचा रिपोर्ट दिला, त्यात एकट्या 1987 मध्ये रेड्सच्या 52 मॅचवर दिवसाला किमान 10,000 डॉलर लावल्याचं आहे. 24 ऑगस्ट 1989 ला कायमची बंदी जाहीर झाली. आणि ती जाहीर करणारे बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, जियामाटी पुढच्या आठ दिवसांत हार्ट अटॅकनं गेले. पुढच्याच वर्षी पीट रोज उत्पन्न लपवल्याच्या केसमध्ये पाच महिने जेलमध्ये गेला, सह्या विकून आणि घोड्यांच्या रेसमधून आलेले पैसे टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेच नव्हते.

माझ्या मते त्याला सगळ्यात महाग पडलं ते खोटं बोलणं. 2004 पर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षं, मी बेसबॉलवर पैसे लावलेच नाहीत हेच पालुपद. वेळेवर कबूल केलं असतं तर लोक विसरले असते, आपल्याकडं 2000 साली आजन्म बंदी घातलेले अझरुद्दीन कोर्टातून सुटून 2019 ला हैदराबाद क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष झालेच की (तुलना तंतोतंत नाही, माहितीये).

कंगाल म्हणाल तर तसा झाला नाही, पण म्हातारपण लास वेगासमध्ये पैसे घेऊन सह्या करण्यात गेलं, बेसबॉलवर सट्टा लावल्याबद्दल सॉरी असं लिहिलेले बॉलसुद्धा त्यानं विकले. 30 सप्टेंबर 2024 ला वारला, 83 वर्षांचा होता, आणि बंदी उठली मे 2025 मध्ये. आता हॉल ऑफ फेमचा, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीचा, रस्ता मोकळा, बघायला तो नाही.

राहिला प्रश्न कमाई कुठं जाते याचा. हरलेले काढायच्या नादात माणूस डबल लावतो, तिथं पगार कितीही असो पुरत नाही. आणि खेळाडूला तर लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं की मागे पडलास तरी सोडायचं नाही.

प्रश्न: माझे मिस्टर कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळलेत, आता पंच म्हणून जातात. दोन वर्षांपासून मोबाईलवर पैसे लावायचं लागलंय, माझं सोनंही गहाण पडलं. सासरे म्हणतात शेताचा तुकडा विकून एकदाच फेडून टाकू, मग परत नाही करणार. काय करावं? – एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, शेत विकायची घाई अजिबात करू नका. देणं एका झटक्यात फिटलं की यांच्या डोक्यात पाटी कोरी होते आणि परत सुरू होतं, हे फार घरात बघितलंय. आधी बसवून कागदावर सगळी देणी लिहून घ्या, मित्र, पतपेढी, अ‍ॅपवरचं लोन, सगळं. पहिल्या दिवशी सांगतील तो आकडा पूर्ण नसतो, आठवड्यानं परत विचारा. पगाराचं खातं आणि फोनवरचं पेमेंट तुमच्या हातात घ्या. सट्ट्यात हरलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही, कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं 30 वं कलम आहे, पण हातउसने आणि बँकेचे फेडावेच लागतात. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये केंद्रानं बंदीचा कायदा केलाय, तरी चोरून चालणारी अ‍ॅप्स आहेतच, तिथं पैसे अडकले तर दाद मागायला तोंड नाही.

डॉक्टरांच्या लेखी हे व्यसनच आहे, दारूसारखं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आधी तुम्हीच फोन लावा, ते तयार होईपर्यंत थांबू नका. आणि पंच म्हणून जाणं सध्या बंद करायला सांगा, वर काकांना लिहिलंय तेच कारण. गावातल्या मॅचवरही पैसे लावणारे असतात आणि यांच्यावर कर्ज आहे हे त्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं. सोनं कुणाच्या नावावर गहाण ठेवलंय, पावती कुठंय आणि मुदत कधी संपते, ते मात्र आजच बघा.