सर्व्हर प्रोसेस बंद पडली तर आपोआप परत कशी चालू करायची?
लिनक्स असेल तर क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दर १ मिनिटाला एक छोटी शेल स्क्रिप्ट (कमांड्सची फाइल) लावा, ती पीग्रेपने (नावावरून चालू प्रोसेस शोधणारी कमांड) प्रोसेस चालू आहे का बघेल आणि नसेल तरच स्टार्ट करेल. क्रॉनला तुमचा नेहमीचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) मिळत नाही म्हणून स्क्रिप्टमध्ये कमांड आणि फाइल कुठे आहेत ते पूर्ण लिहा, हातानं चालते पण क्रॉनमधून चालत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पण खरं सांगू का, सिस्टमडी (लिनक्समध्ये सर्व्हिसेस चालू-बंद करणारी यंत्रणा) असेल तर या भानगडीत पडूच नका, तुमच्या सर्व्हरच्या सर्व्हिस फाइलमध्ये रीस्टार्टला ऑलवेज द्या (Restart=always), झालं काम. प्रोसेस जिवंत आहे पण हँग झालीये हे मात्र नुसत्या या दोन उपायांनी कळत नाही, त्यासाठी कर्लने (वेब रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) सर्व्हरला रिक्वेस्ट मारून बघणारा चेक वेगळा लागतो. आणि प्लीज प्रत्येक रीस्टार्ट लॉगमध्ये टाका, मूळ बिघाड त्यातूनच शोधता येईल.