बाळ कुणाच्या वळणावर जाईल?

(वाचकांचे मनोगत आणि समुपदेशकाची उत्तरे. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या बीजाने होणाऱ्या गर्भधारणेची होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

प्रश्न : माझे वय 38 आहे, मी शिक्षिका आहे आणि लग्नाला अकरा वर्षे झाली. तीन वेळा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) केले. तिसऱ्या वेळी इंजेक्शने घेऊनही दोनच स्त्रीबीजे मिळाली आणि त्यांतून गर्भ तयार झाला नाही. एएमएचचा (शिल्लक स्त्रीबीजांचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा इतका खाली आला आहे की आता दात्या स्त्रीचे बीज घ्यावे, असे डॉक्टरांनी सुचवले. माझे पती एका संध्याकाळीच तयार झाले. मीही होकार दिला, पण घरी येऊन लोणच्यासाठी कैऱ्या फोडता फोडता रडत बसले. एके दिवशी मी बाळाचे कपडे पाहते, दुसऱ्या दिवशी त्या अनोळखी बाईच्या नुसत्या विचाराने अंगावर काटा येतो. धाकटी बहीण बीज द्यायला आनंदाने तयार आहे, पण डॉक्टर ते चालणार नाही म्हणतात. सासूबाईंना यातले काही ठाऊक नाही, आणि 'खाण तशी माती' हे त्यांचे आवडते वाक्य आहे. मन असे वरखाली होते, याचा अर्थ मी तयार नाही असा घ्यायचा का? ते बाळ मला माझे वाटेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात होकार आणि नकार एकाच पानावर आहेत, आणि माझ्या अनुभवात या वळणावर आलेल्या बहुतेक स्त्रियांची अवस्था अशीच असते. मला काळजी वाटते ती एका रात्रीत पूर्ण शांत झालेल्यांची.

तुम्ही नेमके काय गमावले आहे, ते आधी पाहू. तीन वेळच्या उपचारांत तुम्ही एका विशिष्ट बाळाची वाट पाहत होतात. त्याच्या गालावर कदाचित तुमच्या आईची खळी असती, आवाज तुमच्या वडिलांच्या वळणावर गेला असता. ते बाळ आता येणार नाही. घरात कुणी गेले तर माणसे भेटायला येतात, दिवस पाळले जातात, तेरावा होतो. तुमच्या या दुःखाला मात्र ना नाव आहे ना दिवस. म्हणून ते कैऱ्या फोडताना, मामेबहिणीच्या मुलाच्या बारशाला किंवा वर्गात हजेरी घेताना असे कुठेही वर येते. उपचार सुरू करण्याआधी हे दुःख संपलेच पाहिजे, अशी अट स्वतःला घालू नका. ते पुढेही सोबत राहील, त्याची धार मात्र कमी होत जाईल.

तुमचे पती एका संध्याकाळीच तयार झाले, ही गोष्ट तुम्हाला खुपते आहे, तुम्ही तसे थेट लिहिले नसले तरी. त्यांना लवकर तयार होता आले, कारण या मार्गात त्यांचे काही जात नाही. त्यांचे बीज त्यांचेच राहते. हे त्यांना समजावून सांगण्याची गरज आहे, आणि ते भांडण म्हणून नव्हे तर माहिती म्हणून सांगावे. 'काय फरक पडतो, बाळ आपलेच ना' हे वाक्य ते प्रेमाने बोलत असतील, तरी ऐकणाऱ्याला ते दार लावून घेतल्यासारखे वाटते. 'तुला फरक पडतो हे मला समजते' एवढेच ते म्हणाले, तरी पुष्कळ होईल.

बहिणीच्या बाबतीत तुमचे डॉक्टर आडमुठेपणा करत नाहीत. आपल्याकडे सहायक प्रजनन तंत्रज्ञानासंबंधीचा 2021 चा कायदा जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यानुसार बीजदाती नोंदणीकृत बीज बँकेमार्फतच मिळते, तिचे वय 23 ते 35 असावे लागते, तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते, तिच्याकडून सातपेक्षा अधिक बीजे घेता येत नाहीत आणि एका दातीची बीजे एकाच जोडप्याला मिळतात. मला स्वतःला यातला नात्यापासूनचा दुरावा योग्य वाटतो. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. त्यात पत्नीच्या धाकट्या बहिणीने बीज दिले होते, सरोगसीतून, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात वाढून, जुळ्या मुली झाल्या होत्या, आणि पुढे ही बहीणही त्यांची जैविक पालक ठरते असा दावा केला गेला. बीज दिल्यामुळे पालकत्वाचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. पण तो लागेपर्यंत त्या घराचे काय झाले असेल, याची कल्पना करा. तुमच्या बहिणीचे मन मोठे आहे. तिला मावशी राहू द्या.

आता त्या अनोळखी बाईविषयी. बँकेकडून येणाऱ्या कागदावर तिची उंची, वर्ण, रक्तगट आणि शिक्षण असते, आणि तो वाचताना मुलगी पाहायला गेल्यासारखे अवघडलेपण येते, असे अनेकींनी मला सांगितले आहे. त्यात पुष्कळ जोडपी स्वतःपेक्षा गोरी, स्वतःपेक्षा उंच दाती मागतात. हा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जिच्यात तुम्ही दोघे थोडेफार दिसता, ती निवडावी. तिच्याविषयी वाटणाऱ्या तिटकाऱ्यात थोडा मत्सरही असतो: ती तरुण आहे, आणि जे तुम्हाला तीन वेळा मिळाले नाही ते तिला सहज मिळते. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मात्र तेही फार सहज मिळते असे नाही. सुमारे दहा-बारा दिवस तिलाही इंजेक्शने घ्यावी लागतात, भूल घेऊन बीजे काढून घ्यावी लागतात. म्हणूनच तिचा बारा महिन्यांचा विमा उतरवण्याची जबाबदारी कायद्याने जोडप्यावर टाकली आहे.

एक गोष्ट फारसे कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. स्वतःच्या बीजाने उपचार करत होतात तोवर प्रत्येक महिना महत्त्वाचा होता, आणि ती घाई तुमच्या अंगात भिनली आहे. आता यशाचा संबंध मुख्यतः दातीच्या वयाशी आहे; बीजाच्या मानाने गर्भाशय कितीतरी हळू म्हातारे होते. तुमच्या प्रकृतीची दुसरी काही अडचण नसेल आणि डॉक्टरांचा आक्षेप नसेल, तर तुम्ही तीन-चार महिने थांबलात म्हणून शक्यता घटणार नाही. कायद्यानेही स्त्रीसाठी पन्नाशीच्या आतली मर्यादा आहे. तेव्हा सुट्टी आहे, पॅकेजची मुदत संपते आहे किंवा कुणी मुहूर्त सांगितला आहे, म्हणून तारीख ठरवू नका. जोडप्याला सर्व परिणामांची आणि यशाच्या शक्यतेची कल्पना देणारे समुपदेशन करणे क्लिनिकवर बंधनकारक आहे. ते फॉर्मवर सही घेण्यापुरते झाले असेल, तर पुन्हा वेळ मागून घ्या.

उपचार सुरू झाल्यावर मन आणखी हेलकावे खाईल, त्यामागे औषधेही असतात. गर्भाशयाचे अस्तर तयार करण्यासाठी आधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि मग प्रोजेस्टेरॉन दिले जाते. पाचव्या दिवसाचा गर्भ आत सोडल्यावर बीटा तपासणीपर्यंत (गर्भ राहिला का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीपर्यंत) साधारण दोन आठवडे जातात. छाती दुखणे, पोट फुगणे, झोप येणे, उगाच रडू फुटणे हे सगळे प्रोजेस्टेरॉनमुळे होते, आणि गर्भधारणेची लक्षणेही हुबेहूब हीच आहेत. त्यामुळे या दिवसांत आपल्याच शरीराची साक्ष काढण्यात अर्थ नसतो. घरी पट्टी आणून तपासू नका. अहवाल कुठे आणि कुणासोबत ऐकायचा, हे आधीच ठरवून ठेवा. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत फोन घ्यायची वेळ येऊ देऊ नका. आणि हेही लक्षात असू द्या की दातीचे बीज घेऊनही प्रत्येक प्रयत्न यशस्वी होत नाही. हा शेवटचा हुकमी उपाय अशी समजूत असल्यामुळे अपयश आले तर धक्का दुप्पट बसतो. किती प्रयत्न करायचे आणि त्यासाठी किती पैसे बाजूला काढायचे, याचा हिशेब पहिल्या प्रयत्नाआधी दोघांनी शांतपणे मांडावा, कारण नकारात्मक अहवाल हातात असताना तो मांडता येत नाही.

बाळ माझे वाटेल का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्यात तुमचे जनुक नसतील, आणि 'सगळे सारखेच असते' असे म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही, कारण रात्री दोन वाजता जाग आल्यावर तुम्हाला खरे काय ते ठाऊक असते. पण नऊ महिने त्याचे पोषण तुमच्याच रक्तातून होते, कोणती जनुके कशी काम करतात यावर गर्भाशयातल्या वातावरणाचाही परिणाम होतो, आणि त्याच्या काही पेशी तुमच्या शरीरात कित्येक वर्षे राहतात. ब्रिटनमध्ये मानसशास्त्रज्ञ सूझन गोलॉम्बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचा मुलांच्या बालपणापासून ती वीस वर्षांची होईपर्यंत अभ्यास केला. नैसर्गिकरीत्या झालेल्या मुलांच्या कुटुंबांशी तुलना करता, माता आणि मुले यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना फरक आढळला नाही. काहींना पोटात पहिली हालचाल जाणवली तेव्हा बाळ आपले वाटले, काहींना चौथ्या महिन्यात बाळ तापाने फणफणले त्या रात्री. स्वतःच्या बीजाने आई झालेल्याही कित्येकींना बाळ हातात आल्याक्षणी काहीच वाटत नाही. त्या कबूल करत नाहीत, एवढेच.

सासूबाईंना आताच सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. सांगितलेत तर त्या यशोदेचा दाखला देतील, पण तो इथे लागू पडत नाही, कारण कृष्ण यशोदेच्या पोटात वाढला नव्हता. दाखला हवाच असेल, तर देवकीचा गर्भ जिच्या उदरात वाढला त्या रोहिणीचा द्यावा. शिवाय, हे तंत्र काही काल-परवाचे नाही; मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी या मार्गाने भारतातले पहिले बाळ जन्माला आणले ते 1991 मध्ये.

प्रश्न : दातीच्या बीजाने पत्नीला पाचवा महिना लागला आहे. आम्ही नऊ वर्षे या दिवसाची वाट पाहिली, पण ती गप्प असते, बाळासाठी काही घेऊ देत नाही आणि डोहाळजेवण नको म्हणते. तिला आनंदी कसे करावे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तिला आनंदी करण्याचा प्रयत्न तूर्त थांबवा. नऊ वर्षांत जिने प्रत्येक वेळी आनंद लवकर केला आणि तो परत करावा लागला, ती आता उधारीवर आनंद घेत नाही. डोहाळजेवणात सगळ्या जमून 'नाक आईचे येते की बाबांचे' अशी थट्टा करणार, हे तिला आधीच दिसत असावे. तिला हवे तर दोन जवळच्या मैत्रिणींना बोलावून ओटी भरा, नको असेल तर राहू द्या.

दोन गोष्टी मात्र टाळू नका. प्रसूतीचे डॉक्टर वेगळे असतील, तर बीज दातीचे असल्याचे त्यांना सांगितलेच पाहिजे, कारण अशा गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असतो आणि त्यावर बारीक लक्ष ठेवावे लागते. दुसरे, ती दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज खिन्न असेल, झोप आणि जेवण तुटले असेल किंवा जगणे नको असे बोलत असेल, तर तो स्वभाव समजू नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. तोवर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली मानस या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक कोणत्याही वेळी लागतो, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे. बारशापासून 'हा कुणावर गेला आहे?' हा प्रश्न ऐकते आणि दर वेळी पोटात गोळा येतो. आता तोच विचारतो, 'मी तुझ्या पोटात कसा आलो?' त्याला दातीविषयी कधी सांगावे? की सांगूच नये?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सांगावे, आणि आतापासूनच थोडे थोडे सांगावे. वर उल्लेख केलेल्या अभ्यासात सातव्या वर्षाआधी ज्या मुलांना हे सांगितले गेले, त्यांचे आईशी नाते अधिक निकोप आढळले. चार वर्षांच्या मुलाला 'जनुक' हा शब्द लागत नाही. 'बाळ तयार व्हायला एक इवलेसे बी लागते, आईकडची बी संपली होती, म्हणून डॉक्टरांकडून एका बाईंनी दिलेली बी घेतली आणि मग तू माझ्या पोटात वाढलास' एवढे पुरते. त्या बाईंना गोष्टीत मावशी मात्र करू नका. त्याला खऱ्या मावश्या असतील, आणि तो पुढच्या दिवाळीत त्यांनाच विचारील.

तो हे सोसायटीच्या बागेत मोठ्याने बोलून दाखवणार, याची तयारी ठेवा. म्हणून ज्या आजी-आजोबांपर्यंत ते असे पोहोचू नये असे वाटते, त्यांना तुम्हीच आधी सांगणे बरे. पुढे तो 'त्या बाई कोण?' असे विचारील. ब्रिटनमध्ये एप्रिल 2005 नंतर नोंद झालेल्या दात्यांची ओळख मुलांना अठराव्या वर्षी मागता येते. आपल्याकडे ती गोपनीय राहते. तेव्हा 'मलाही ठाऊक नाही' हेच तुमचे खरे उत्तर आहे, आणि ते देताना चाचरू नका.

'कुणावर गेला आहे?' असे विचारणाऱ्या शेजारणीला मात्र काही सांगण्याचे कारण नाही. 'हट्टात माझ्यावर गेला आहे' म्हणावे. चार वर्षांत ते खरेही झाले असेल. बालरोगतज्ज्ञ 'आईकडे मधुमेह आहे का, दमा आहे का?' असे विचारतात, तेव्हा सवयीने तुमच्या माहेरची माहिती देऊ नका. क्लिनिककडून मिळालेला दातीच्या रक्तगटाचा आणि तपासण्यांचा कागद त्याच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे हे त्याच्या वडिलांनाही दाखवून ठेवा.