वाचकांचे प्रश्न : किटचं विमान निवडताना आणि बांधताना

गेल्या अंकात किटवरून, म्हणजे कंपनीकडून सुटे भाग आणून घरी बांधायच्या हलक्या विमानांबद्दल लिहिलं आणि त्यावर एवढे प्रश्न आले की हा सगळा कॉलम त्यांनाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : नमस्कार, लायसन्स आहे, क्लबचं विमान उडवतो, आता स्वतःचं बांधायचं असं पक्कं ठरवलंय. व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-७, झेनिथचं सीएच ७५० आणि एक फायबरचं कॉम्पोझिट यांच्यात अडकलोय. स्पीड बघितला की आरव्ही-७ वरच मन जातं. काय करू?

नमस्कार. स्पीड जरा वेळ बाजूला ठेवा आणि तुमचं लॉगबुक काढून बसा. गेल्या वर्षभरात तुम्ही नक्की कसलं उड्डाण केलंत ते बघा, म्हणजे किती वेळा एकटेच होतात, किती वेळा शेजारी कुणी होतं, किती लांब गेलात आणि कसल्या रनवेवर उतरलात. बहुतेकांचं लॉगबुक सांगतं की तासाभराची चक्कर मारून परत घरच्याच रनवेवर, आणि तसं असेल तर ताशी ३०० किलोमीटरच्या विमानाचा उपयोग वर्षातून दोनदा. सीएच ७५० हळू आहे पण पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट (फट ठेवून बसवलेली पट्टी) असल्यामुळे अगदी छोट्या, खडबडीत पट्टीवरून उठतं आणि उतरतं. गवताच्या पट्टीवर उडायचं असेल तर मी डोळे झाकून तेच सांगेन. लांबचे प्रवास खरंच करणार असाल तर आरव्ही-७ चांगलं, आणि थोडं शांत, कमी स्पीडला उतरणारं हवं असेल तर त्याच घरातलं आरव्ही-९ पण बघा, ते लोक उगाच विसरतात.

आता खरी गोष्ट. विमान उडवण्याआधी तुम्हाला ते बांधायचंय, आणि ते काम एक-दीड हजार तासांचं, कधी कधी दोन हजारांच्याही वर जातं. अर्धवट राहिलेली किटं जगभर गॅरेजमध्ये धूळ खात पडलीयेत, आणि ती बांधणाऱ्यांना विमान आवडत नव्हतं असं नाही, त्यांना रोजचं काम आवडत नव्हतं. म्हणून कामाकडे बघून निवडा. सीएच ७५० मध्ये बहुतेक सगळे पुल रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचा एक प्रकार), एका बाजूनं लावायचे, एकट्यानं जमतं. आरव्ही-७ मध्ये हजारो सॉलिड (भरीव) रिव्हेट, एका बाजूला ठोकणारी रिव्हेट गन आणि दुसऱ्या बाजूला बकिंग बार नावाचा जड ठोकळा, म्हणजे बऱ्याच ठिकाणी दुसरा माणूस लागतोच, तो तुमच्या घरात आहे का? कॉम्पोझिटमध्ये आकार सुंदर येतो पण इपॉक्सीला (फायबर चिकटवणाऱ्या रसायनाला) तापमान आणि दमटपणा सांभाळावा लागतो, घासकाम संपता संपत नाही आणि काही जणांच्या अंगाला इपॉक्सीची कायमची ॲलर्जी बसते, म्हणून ग्लोव्ह्ज आणि मास्क पहिल्या दिवसापासून. स्टील ट्यूबवर कापड चढवायचं काम ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी किटफॉक्स आहे, त्याचे पंख दुमडतात आणि विमान ट्रेलरवर घरी आणता येतं, ज्याला हँगर मिळत नाही त्याला ही फार मोठी सोय.

आणि अख्खं किट एकदम मागवू नका. व्हॅन्ससारख्या कंपन्या शेपूट, पंख, फ्यूजलाज (मधलं धड) असे भाग वेगवेगळे विकतात. आधी शेपटीचं किट घ्या आणि ते पूर्ण करा, मग ठरवा. व्हॅन्स ही या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी, रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेली, त्यांच्या डिझाइनची दहा हजारांहून जास्त विमानं उडलीत, आणि तरी २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिला अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण घ्यावं लागलं. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर आली हे चांगलंच झालं, पण मधल्या काळात ॲडव्हान्स भरून बसलेल्यांची झोप उडाली होती. जेवढं काम हातात आहे तेवढेच पैसे गुंतवा.

प्रश्न : शेपटीच्या स्किनमध्ये (वरच्या पत्र्यात) एक भोक ड्रिल करताना बिट घसरलं आणि भोक इंग्रजी आठसारखं झालंय. शिवाय दोन-तीन रिव्हेट वाकडे बसलेत. सगळी स्किन टाकून द्यायची का? दोन रात्री झोप नाही.

टाकू नका, शांत व्हा, हे जवळजवळ प्रत्येक बांधणाऱ्याच्या हातून होतं. आधी वाकडे रिव्हेट. चांगल्या बसलेल्या रिव्हेटचं मागचं, ठोकून बनलेलं डोकं मूळ दांड्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंद आणि निम्म्याएवढं उंच असतं. त्याचं साधं गेज मिळतं, त्यानं मोजा, नजरेवर जाऊ नका. थोडा कललेला पण मापात असलेला रिव्हेट तसाच राहू द्या, कारण नवखा माणूस तो काढायला जातो आणि भोक मोठं करून ठेवतो, म्हणजे होतं त्यापेक्षा वाईट. काढायचाच असेल तर कारखान्यात बनलेल्या डोक्याच्या बरोबर मध्यावर, ३/३२ इंची रिव्हेटला ४० नंबरचं बिट आणि १/८ ला ३० नंबरचं, फक्त डोक्याच्या जाडीएवढं ड्रिल करायचं, पंचनं डोकं हलकेच तोडायचं आणि उरलेला दांडा मागून आधार देऊन बाहेर ढकलायचा.

आठासारख्या भोकाला बघायची मुख्य गोष्ट म्हणजे कडेपासूनचं अंतर. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवं. मोठ्या मापाचा रिव्हेट टाकूनही तेवढं उरत असेल आणि मोठ्या भोकात ते आठ पूर्ण साफ होत असेल तर काम झालं. फ्लश (डोकं पत्र्याच्या पातळीत बसणाऱ्या) रिव्हेटसाठी एनएएस १०९७ नावाचे रिव्हेट येतात, दांडा एक माप मोठा पण डोकं लहान, बांधणारे त्यांना ऊप्स रिव्हेटच म्हणतात, थोडे आणून ठेवा. हे जमत नसेल तर फोटो आणि मापं काढून किट कंपनीच्या सपोर्टला पाठवा आणि ते सांगतील तेवढंच करा, कारण स्पारजवळचं (आतल्या मुख्य तुळईजवळचं) भोक आणि टोकाच्या फेअरिंगजवळचं (वरच्या टोपणाजवळचं) भोक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भोक पुटीनं बुजवून वर रंग, असं मात्र कधीच नको. जे केलंत ते बिल्डर लॉगमध्ये (बांधणीच्या नोंदवहीत) फोटोसकट लिहा.

प्रश्न : विमानाचं इंजिन फार महाग पडतं. कारचं इंजिन बसवलं तर?

करणारे आहेत. फोक्सवॅगनवर आधारलेली आणि कॉर्व्हेअर या जुन्या अमेरिकन कारची इंजिनं वर्षानुवर्षं उडतायत, कारण ती थेट प्रॉपेलर फिरवू शकतात. नव्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनांची अडचण अशी की त्यांची ताकद पाच हजार आरपीएमला मिळते, प्रॉपेलरला तेवढा वेग चालत नाही, मग मध्ये रिडक्शन गिअरबॉक्स आला, त्याच्यातली टॉर्शनल (पीळ देणारी) कंपनं आली, रेडिएटर कुठे बसवायचा ते आलं, वीज गेली तर इग्निशनचं काय ते आलं. रोटॅक्स ९१२ हे विमानाचं इंजिन पण गिअरबॉक्सवरच चालतं, पण ते जुळवायला एका कंपनीची वर्षं गेलीयेत आणि तुम्ही एकटे आहात. माझं स्पष्ट मत : पहिलं विमान असेल तर किट कंपनीनं ज्या इंजिनासाठी काऊल (इंजिनावरचं झाकण), माउंट (इंजिन बसवायची चौकट) आणि इंधनाची लाइन बनवलीय तेच घ्या. वाचलेला पैसा वाढलेल्या वर्षांत जातो, आणि बरीच अर्धवट किटं याच टप्प्यावर अडकतात. अमेरिकेत सर्टिफाइड (सरकारी मान्यता असलेली) इंजिन-प्रॉपेलरची जोडी असेल तर सुरुवातीच्या चाचणी-उड्डाणांचे सहसा २५ तास, नसेल तर ४०, यावरूनही काय ते समजा.

प्रश्न : अर्धं झालेलं किट स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

बंद केलेले पंख असतील तर आत बोअरस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) घालून प्रत्येक रिव्हेट लाइन बघितल्याशिवाय नाही. आधीच्या माणसाचा लॉग आणि फोटो नसतील तर किंमत फक्त सुट्या भागांची धरा. आणि तुमच्या देशाचा नियम बघा. अमेरिकेत हौशी बांधणीचा मोठा भाग म्हणजे निम्म्याहून जास्त काम हौशी लोकांनी केलेलं असावं लागतं. ते तासांवर नाही, कामांच्या यादीवर मोजतात. आधीचा माणूसही हौशीच असेल तर त्याचं काम धरलं जातं, पण कागद हवेत.

प्रश्न : विमान तयार आहे. पहिलं उड्डाण मीच करावं असं फार वाटतं, इतकी वर्षं घातलीयेत. घरचे घाबरलेत.

घरच्यांचं ऐकून घ्या, ते चुकत नाहीयेत. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास केला, त्यात इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत ताबा सुटणं ही दोन कारणं सगळ्यात वर होती, आणि नव्या विमानाची सुरुवातीचीच उड्डाणं जास्त धोक्याची निघाली. दोन्हींची तयारी जमिनीवर करता येते.

इंजिनासाठी इंधनाचा फ्लो प्रत्यक्ष मोजा, नाक टेकऑफला वर असतं त्या कोनात विमान ठेवून, प्रत्येक टाकीचा वेगळा. नुसत्या उताराच्या दाबावर चालणाऱ्या सिस्टिमला टेकऑफला लागतं त्याच्या दीडपट आणि पंपवाल्याला सव्वापट यायला हवं. टाक्यांमध्ये ॲल्युमिनियमचा कीस राहिलेला असतो, म्हणून फिल्टर उघडून बघा, पुन्हा भरा, पुन्हा बघा. वजन तिन्ही चाकांखाली काटे ठेवून, विमान लेव्हल करून घ्या, आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी (वजनाचा मध्य) मागच्या मर्यादेजवळ असेल तर उडूच नका, आधी ते सुधारा. नवं लायकमिंग इंजिन असेल तर जमिनीवर उगाच तासन्‌तास चालवून बघू नका, सिलिंडर ग्लेझ (आतून गुळगुळीत) होतात, त्याला सुरुवातीलाच जास्त पॉवरवर उडवावं लागतं. एलेव्हेटर, एलेरॉन हे शेपटी-पंखांवरचे हलणारे भाग उलटे जोडलेले नाहीत ना ते तुम्ही नाही, ज्यानं बांधलं नाही अशा दुसऱ्या माणसानं तपासावं.

ताब्यासाठी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या विमानात अनुभवी माणसाबरोबर ट्रान्झिशन ट्रेनिंग घ्या. बांधणीच्या शेवटच्या वर्षात माणूस उडतच नाही, सगळा वेळ वर्कशॉपमध्ये जातो, आणि नेमकं त्यानंतर नवं विमान हातात येतं. गेल्या तीन महिन्यांत नीट उडला नसाल तर पहिलं उड्डाण त्या मॉडेलच्या मुरलेल्या पायलटला करू द्या. विमान तुमचंच राहतं, बिल्डर म्हणून पाटीवर नाव तुमचंच असतं. ट्रेनिंग झालंय, हात चालू आहे, तर अवश्य तुम्हीच करा. सकाळचा शांत वारा, लांब रनवे, जवळ फायर एक्स्टिंग्विशर घेऊन थांबलेली दोन माणसं, पाहुणे एकही नको, आणि कुणाला तारीख सांगू नका, म्हणजे जमलेल्या गर्दीसाठी उडायची वेळ येत नाही. उठल्यावर रनवेच्या आवाक्यात राहून उंची घ्या, तापमानं आणि प्रेशर बघा, वर गेल्यावर लँडिंगच्या स्पीडला विमान कसं वागतं ते हळूहळू करून बघा आणि उतरा. मग काऊल काढून सगळं पुन्हा तपासा, कुठे तेल, कुठे सैल नट. दुसरं उड्डाण त्यानंतरच.